वादळांतील धैर्य : पौलाच्या समुद्रप्रवासाचा एक पाठ



गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं शास्त्रपाठाचा तास संपल्यावर नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी दाराशीं थांबून राहिला. त्या दिवशीं पाठ सांगतांना मी मोठ्या आवेशानें बोलून गेलों होतों कीं, ज्याचा देवावर विश्वास आहे त्याच्या मनाला भय शिवतहि नाहीं. वर्ग रिकामा झाल्यावर त्या मुलानें खालीं मान घालून विचारलें, "सर, मी रोज प्रार्थना करतों, तरी मला भीति वाटते. मग माझा विश्वास खोटा आहे का?" त्याचे वडील त्या वेळीं पंधरा दिवस रुग्णालयांत होते. रात्रीं धाकट्या बहिणीला निजवून तो एकटाच जागा राही, आणि दारावर थाप पडली कीं त्याच्या छातींत धस्स होई.

मीं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला घरापर्यंत पोंचवून आलों. पण त्याच्या प्रश्नाचें उत्तर मजजवळ नव्हतें. वीस वर्षें हा विषय शिकविणाऱ्या शिक्षकाला एका मुलाच्या साध्या प्रश्नानें निरुत्तर केलें. शिवाय त्याच्या दुःखांत भर घालणारें वाक्य माझ्याच तोंडून निघालें होतें, हें मला डांचत राहिलें. त्या रात्रीं मीं पवित्र शास्त्र उघडलें, आणि अनेकदां वाचलेला एक अध्याय प्रथमच वाचत असल्यासारखा सावकाश वाचला. तो म्हणजे 'प्रेषितांचीं कृत्यें' ह्या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय. त्यांतून जें मला समजलें तें येथें मांडतों. आपल्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें शिकतात. त्या सर्वांनीं हा पाठ निदान माणसाच्या अनुभवाची एक खरी कथा म्हणून वाचावा, अशी विनंती आहे. भय कोणाच्याहि घरीं धर्म विचारून येत नाहीं.

प्रवासाचा आरंभ

पौल हा ख्रिस्ताचा प्रेषित. यरुशलेमेंत त्याला धरण्यांत आलें व पुढें दोन वर्षें कैसरिया येथें तो बंदींत राहिला. शेवटीं त्यानें आपल्या रोमी नागरिकत्वाच्या हक्कानें कैसराकडे दाद मागितली. म्हणून इ. स. ५९ किंवा ६० च्या सुमारास त्याला इतर कैद्यांबरोबर जहाजानें रोमकडे पाठविण्यांत आलें. कैद्यांवर युल्य नांवाचा शताधिपति नेमलेला होता. ह्या प्रवासाचें वर्णन करणारा लेखक जागोजागीं 'आम्ही' असें लिहितो. परंपरेप्रमाणें हा लेखक म्हणजे पौलाचा सोबती वैद्य लूक होय. तेव्हां हा वृत्तांत किनाऱ्यावर बसून लिहिलेला नसून, ज्याच्या अंगावर त्या लाटा आल्या त्याचाच आहे.

मुर्या नांवाच्या बंदरांत ह्या मंडळीला आलेक्सांद्रियाच्या एका मोठ्या जहाजावर चढविण्यांत आलें. त्या जहाजांत गहूं भरलेला होता. त्या काळीं रोम शहराचें पोट पुष्कळ अंशीं मिसर देशाच्या धान्यावर भरत असे, आणि अशीं जहाजें तें धान्य नेत असत. वारा प्रतिकूल असल्यामुळें फार दिवस मोडले, आणि क्रेत बेटाच्या 'सुंदर बंदर' नांवाच्या जागीं येईपर्यंत यहूदी लोकांचा प्रायश्चित्ताचा उपवासहि होऊन गेला, म्हणजे शरद् ऋतु लागला. आपल्या कोंकणांत पावसाळा आला कीं होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवितात. भूमध्य समुद्रांत तसा बंदीचा काळ हिवाळ्यांत असे. पौलानें सांगितलें कीं पुढें जाण्यांत धोका आहे. पण शताधिपतीला तांडेलाचें व जहाजाच्या मालकाचें म्हणणें अधिक पटलें, आणि कैद्याचा सल्ला बाजूस राहिला.

दक्षिणेचा मंद वारा सुटला, तेव्हां आपलें काम झालें असें सर्वांस वाटलें. परंतु थोड्याच वेळांत बेटावरून युरकुलोन नांवाचा तुफानी वारा खालीं उतरला, व जहाज त्यांत सांपडलें. खलाशांनीं मागची होडी मोठ्या कष्टानें वर ओढून घेतली. जहाजाच्या फळ्या सुटूं नयेत म्हणून त्याला खालून दोर घालून आवळलें. दुसऱ्या दिवशीं माल समुद्रांत टाकला, आणि तिसऱ्या दिवशीं जहाजाचें सामानहि टाकून दिलें. पुढें बरेच दिवस सूर्य दिसला नाहीं कीं तारे दिसले नाहींत. होकायंत्र नसलेल्या त्या काळीं ह्याचा अर्थ असा कीं, आपण कोठें आहों हेंच कोणाला कळेनासें झालें. शेवटीं वांचण्याची सगळी आशा सुटली, असें लेखक स्पष्टपणें लिहितो. आणि त्या निराशेंतून तो स्वतःला किंवा पौलाला वगळीत नाहीं.

पौलाला भय वाटलें होतें काय?

येथें मी थांबलों. करिंथ येथील मंडळीला लिहिलेलें पौलाचें दुसरें पत्र ह्या प्रवासाच्या कांहीं वर्षें आधींचें आहे. त्याच्या अकराव्या अध्यायांत तो सांगतो कीं, आपलें जहाज तीन वेळां फुटलें असून एक रात्र व एक दिवस आपण भर समुद्रांत काढला आहे. म्हणजे ह्या वादळांत फळ्या करकरूं लागल्या तेव्हां पुढें काय होऊं शकतें हें त्या जहाजावरील पुष्कळांपेक्षां पौलाला अधिक ठाऊक होतें. ज्याला एकदां पाण्यानें ओढून नेलें आहे त्याला पाण्याचा आवाज निराळाच ऐकूं येतो.

मग एके रात्रीं देवदूत त्याच्याजवळ उभा राहिला. त्याचा पहिला शब्द काय होता, तें पाहण्यासारखें आहे. पौलानें भिऊं नये, असें त्यानें प्रथम सांगितलें. जो भीत नाहीं त्याला असें सांगण्याचें कारण काय? पौलाच्या पत्रांतहि हेंच दिसतें. करिंथ येथें आपण अशक्तपणानें, भीत व कांपत आलों होतों, असें तो पहिल्या पत्रांत लिहितो. मासेदोनियांत असतांना बाहेर भांडणें व आंत भीति अशी आपली स्थिति होती, असें तो दुसऱ्या पत्रांत कबूल करितो. फार काय, गेथशेमाने बागेंत स्वतः प्रभु येशू अत्यंत व्याकुळ झाला व आपल्या मित्रांनीं आपल्याबरोबर जागें राहावें अशी त्यानें इच्छा केली. तेव्हां विश्वासणाऱ्याला भय शिवत नाहीं हें जें मीं वर्गांत सांगितलें, तें शास्त्राला धरून नव्हतें. पवित्र शास्त्र भय वाटण्याला पाप म्हणत नाहीं. भय वाटत असतां मनुष्य काय करितो, इकडे तें आपलें लक्ष वेधतें.

एकच भय, तीन कृत्यें

चौदाव्या रात्रीं, मध्यरात्रीच्या सुमारास, जमीन जवळ आल्याचा खलाशांना भास झाला. त्यांनीं पाण्याची खोली मोजली ती वीस वाव भरली. थोडें पुढें जाऊन पुन्हां मोजली ती पंधरा वाव भरली. दोन्ही हात पसरल्यावर होणारें अंतर म्हणजे एक वाव, सुमारें सहा फूट. म्हणजे थोड्याच वेळांत पाणी एकशेंवीस फुटांवरून नव्वद फुटांवर आलें होतें. अंधारांत खडकांवर आपटूं नये म्हणून त्यांनीं जहाजाच्या मागील बाजूनें चार नांगर टाकले आणि ते दिवस उजाडण्याची वाट पाहूं लागले.

ह्यानंतर त्या जहाजावर जें घडलें त्यांत मला त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर सांपडलें.

खलाशांना भय वाटलें. पुढच्या बाजूनेंहि नांगर टाकावयाचे आहेत असा बहाणा करून त्यांनीं होडी खालीं सोडली. इतरांना बुडत्या जहाजावर ठेवून आपण निसटावें, असा त्यांचा बेत होता.

शिपायांना भय वाटलें. सकाळीं जहाज रेतींत रुतून फुटूं लागलें तेव्हां त्यांनीं सर्व कैद्यांना ठार मारण्याचा विचार केला. कैदी पळाला तर पहारेकऱ्याला जबर शिक्षा भोगावी लागे. स्वतःचा जीव वांचविण्यासाठीं दुसऱ्याचा घ्यावा, एवढेंच त्यांना सुचलें.

भय पौलालाहि होतें. परंतु दिवस उजाडण्याच्या सुमारास त्यानें सर्वांस विनंति केली कीं, चौदा दिवस तुम्ही अन्नावांचून काढले आहेत, आतां कांहीं खा. मग त्यानें भाकर घेतली, सर्वांच्या देखत देवाचे आभार मानिले, ती मोडली व तो स्वतः खाऊं लागला. तें पाहून सगळ्यांना धीर आला व सगळे जेवले. जहाजावर एकंदर २७६ माणसें होतीं. जेवण झाल्यावर त्यांच्या अंगांत बळ आलें, आणि त्यांनीं उरलेला गहूं समुद्रांत टाकून जहाज हलकें केलें.

मित्रांनो, रात्र एकच होती, वादळ एकच होतें, भयहि एकच होतें. एकानें त्या भयाच्या पायीं दुसऱ्यांना सोडून दिलें, एकानें दुसऱ्यांवर तरवार उपसण्याचें मनांत आणलें, आणि एकानें दुसऱ्यांपुढें भाकर धरली. धैर्य म्हणजे भयाचा अभाव नव्हे. जहाजाचें सुकाणूं भयाच्या हातीं न देणें, हें धैर्य होय. भय जहाजावर चढलें तरी चढूं द्यावें. त्याला तांडेल मात्र करूं नये.

वचन आणि काम

ह्या कथेंतील आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. कोणाच्याहि जिवाला अपाय होणार नाहीं, असें देवाचें वचन पौलाला आधींच मिळालें होतें. तरी खलाशी पळूं लागतांच त्यानें शताधिपतीला व शिपायांना बजाविलें कीं, हीं माणसें जहाजावर राहिलीं नाहींत तर तुमचा बचाव होणार नाहीं. शिपायांनीं लागलीच होडीचे दोर कापून ती वाहूं दिली. म्हणजे देवाचें वचन मिळालें म्हणून खलाशांची गरज संपत नाहीं. ज्याचा देवावर भरवसा आहे त्यानें औषध वेळेवर द्यावें, वैद्याचें ऐकावें, परीक्षेचा अभ्यास करावा. प्रार्थना करणारे हात दोर ओढण्यासहि तयार असले पाहिजेत.

शताधिपतीनें पौलाला वांचविण्याच्या इच्छेनें शिपायांचा बेत मोडला. पोहणारे पोहून गेले, बाकीचे फळ्यांवर व जहाजाच्या तुकड्यांवर बसून गेले, आणि सर्व जण किनाऱ्याला लागले. तें मिलिता, म्हणजे आजचें माल्टा बेट होतें. जेम्स स्मिथ नांवाच्या एका स्कॉटिश नौकाप्रवाशानें १८४८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत वाऱ्याची दिशा व वाहत जाणाऱ्या जहाजाचा वेग ह्यांवरून गणित केलें आहे. क्रेतजवळच्या कौदा बेटापासून माल्टापर्यंत वाहत जाण्यास अशा जहाजाला सुमारें तेरा दिवस लागतील, असें त्यास आढळलें. लूकाच्या चौदाव्या रात्रीशीं हें चांगलेंच जुळतें.

बेटावर पाऊस पडत होता व थंडी होती. तेथील लोकांनीं ह्या परक्यांसाठीं शेकोटी पेटविली. त्या वेळीं पौल काय करीत होता? तो काटक्या गोळा करीत होता. रात्रभर २७६ माणसांना धीर देणारा मनुष्य सकाळीं सर्पणाची मोळी उचलतो, हें दृश्य मला फार बोलकें वाटतें.

पहाऱ्यावरची शांति

आतां शांतीविषयीं. फिलिप्पै येथील मंडळीला पौलानें पत्र लिहिलें तेंहि बंदिवासांतून. त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायांत तो चिंता करण्याऐवजीं आपलें मागणें आभारप्रदर्शनासह देवाला कळविण्यास सांगतो, आणि मग देवाची शांति तुमच्या अंतःकरणांचें रक्षण करील असें आश्वासन देतो. 'रक्षण करील' ह्यासाठीं मूळ ग्रीक भाषेंत जो शब्द आहे तो सैन्याच्या पहाऱ्याचा आहे. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती, व तेथें निवृत्त शिपायांना जमिनी दिलेल्या होत्या. त्या गांवच्या वाचकांना हा शब्द चटकन समजला असेल. शत्रु दूर असतो तेव्हां पहारा कोणी कडक करीत नाहीं. तो जवळ आला म्हणजे करितात. तेव्हां शांति म्हणजे संकट निघून गेल्यानंतर मिळणारी विश्रांति नव्हे. संकट दाराशीं उभें असतांना मनाच्या वेशीवर उभा राहणारा तो पहारेकरी आहे.

त्याच अध्यायांत पौल म्हणतो कीं, मिळेल त्या स्थितींत समाधानानें राहण्यास आपण शिकलों आहों. 'शिकलों' हा शब्द विद्यार्थ्यांना धीर देणारा आहे. जी गोष्ट पौलाला शिकावी लागली ती आपणांस एका दिवसांत आली नाहीं, तर त्यांत लाजण्याचें कारण नाहीं.

येथें एक प्रामाणिक गोष्ट सांगितलीच पाहिजे. प्रत्येक जहाजावरील सर्व माणसें वांचत नाहींत. 'प्रेषितांचीं कृत्यें' ह्याच्या बाराव्या अध्यायांत पेत्र तुरुंगांतून सुटतो, पण त्याच अध्यायाच्या आरंभीं योहानाचा भाऊ याकोब हेरोद राजाच्या तरवारीनें मारला जातो. मंडळींतील लोकांनीं एकावर प्रेम केलें आणि दुसऱ्यावर केलें नाहीं, असें नव्हे. हें असें कां, ह्याचें उत्तर तो अध्याय देत नाहीं, आणि मीहि देऊं शकत नाहीं. पवित्र शास्त्र दुःखाचा हिशेब जुळवून दाखवीत नाहीं. दुःखांत आपण एकटे नाहीं, एवढें मात्र तें ठामपणें सांगतें.

पालकांना दोन शब्द

ह्या प्रवासाचा शेवट अठ्ठाविसाव्या अध्यायांत आहे. तीन महिने मिलितांत काढून पौल इटलीस पोंचला व पायीं रोमकडे निघाला. तो येत आहे हें ऐकून रोममधील ख्रिस्ती बांधव त्याला भेटण्यास वाटेवर पुढें आले. कांहीं तर अप्पियाच्या पेठेपर्यंत, म्हणजे सुमारें चाळीस मैल आले. त्यांना पाहून पौलानें देवाचे आभार मानिले व त्याला धैर्य आलें, असें लूक लिहितो. वादळांत ज्यानें सर्वांना धीर दिला त्यालाहि धीराची गरज होती. तो त्याला ह्या वेळीं देवदूताकडून मिळाला नाहीं, धुळीनें माखलेल्या पायांनीं चालत आलेल्या माणसांकडून मिळाला.

आपलीं मुलें आपणांस सांगत नाहींत, पण त्यांनाहि भय वाटतें. परीक्षेचें वाटतें, घरांतील आजाराचें वाटतें, वडिलांचें काम सुटण्याचें वाटतें, रात्रीं भिंतीपलीकडून ऐकूं येणाऱ्या कुजबुजीचें वाटतें. दुरून 'भिऊं नकोस' असें म्हणणें सोपें आहे. तें मीं केलें आणि चुकलों. मुलाला धैर्य द्यावयाचें असेल तर आपण वाटेवर पुढें गेलें पाहिजे. त्याच्याजवळ बसावें, खरें काय तें त्याच्या वयाला समजेल असें सांगावें, आपल्यालाहि भीति वाटते हें लपवूं नये, आणि मग एकत्र जेवावें. ज्या घरीं प्रार्थनेची रीत आहे तेथें आठवड्यांतून एके रात्रीं हे दोन अध्याय मुलांकडून मोठ्यानें वाचवून घ्यावेत, आणि त्या जहाजावर आपण असतों तर काय केलें असतें, हें एकमेकांस विचारावें.

दुसऱ्या दिवशीं मीं त्या विद्यार्थ्याला बोलावून माझी चूक कबूल केली. त्याला सांगितलें, "तुझा विश्वास खोटा नाहीं. भीत असतांनाहि तूं बहिणीला निजवतोस ना? पौलानें भाकर मोडली, ती हीच." तो कांहीं बोलला नाहीं. पण त्यानंतर मधल्या सुट्टींत तो अधूनमधून शिक्षकांच्या खोलीपाशीं येऊन उभा राही, आणि आम्ही दोघे मिळून डबा खात असूं. त्याचे वडील पुढें घरीं आले. पूर्वींचें काम मात्र त्यांच्यानें आतां होत नाहीं, आणि त्या कुटुंबाला राहतें घर सोडून लहान घरांत जावें लागलें. जहाज गेलें, माणसें किनाऱ्याला लागलीं. आतां काटक्या गोळा करण्याचे दिवस आहेत, आणि त्या कामांत तो मुलगा घरांत कोणाच्या मागें नाहीं.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांपैकीं कोणावर कोणतें वादळ केव्हां येईल हें कोणी सांगूं शकत नाहीं. तें येईल तेव्हां भय वाटेल, वाटूं द्या. त्या भयांत देवाला हांक मारा, समोरचें काम हातीं घ्या, आणि जवळच्या माणसाला आपल्या भाकरीचा तुकडा द्या. तो शांतिदाता परमेश्वर तुमच्या अंतःकरणांवर पहारा ठेवो, हीच तुमच्या शिक्षकाची प्रार्थना.